प्रसामान्यीकरण, आधारसामग्रीचे

संगणकात साठवावयाची माहिती परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांत अशा रीतीने विभागणे की, प्रत्येक तथ्याची नोंद एकाच ठिकाणी राहील, या प्रक्रियेस प्रसामान्यीकरण म्हणतात. एकच तथ्य अनेक ठिकाणी लिहिले गेल्यास त्यांतील एक नोंद बदलते व दुसरी तशीच राहते. मग खरी कोणती, हे अभिलेखावरून ठरविता येत नाही. हा दोष टाळणे, हे या प्रक्रियेचे मुख्य प्रयोजन होय.

या पद्धतीचे जनक एडगर फ्रँक कॉड हे होत. जन्माने इंग्रज असलेले कॉड आयबीएम कंपनीच्या सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथील संशोधन प्रयोगशाळेत काम करीत. त्यापूर्वीच्या पद्धतींत माहिती वृक्षाच्या वा जाळ्याच्या रूपात साठविली जाई व ती मिळविण्यासाठी साठवणीची वाट ठाऊक असावी लागे. कॉड यांनी १९७० मध्ये संच सिद्धांतातील ‘संबंध’ या संकल्पनेवर आधारलेली कोष्टकांची रचना मांडली आणि तीतच पहिले प्रसामान्य रूप सांगितले. दुसरे व तिसरे रूप त्यांनी १९७१ मध्ये विशद केले. १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्या सहकार्याने अधिक काटेकोर रूप पुढे आले. कॉड यांना १९८१ चे ट्यूरिंग पारितोषिक लाभले.

ज्या अडचणीवर हा उपाय आहे, ती मात्र संगणकाहून जुनी आहे. जमिनीच्या दप्तरात ती स्पष्ट दिसते. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळातील खासरा पत्रक मराठवाड्यात आजही जुन्या हक्काच्या पुराव्यासाठी पाहिले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. गावदप्तरातील नमुना ७ मध्ये हक्क, १२ मध्ये पिके, ८-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन व ६ मध्ये फेरफार नोंदविले जातात. विषयवार वेगळी पत्रके ठेवण्याची ही कल्पना प्रसामान्यीकरणाच्या जवळची आहे.

समजा, एका गावाच्या एकाच कोष्टकात गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक, खातेदारांची नावे व हिस्सा ही सर्व माहिती लिहिली. एका रकान्यात अनेक सहहिस्सेदारांची नावे असणे पहिल्या रूपाच्या विरुद्ध आहे. तेथे एक नोंद, एक नाव हवे. हिस्सा हा गट व खाते या दोहोंवर अवलंबून असतो. परंतु क्षेत्र केवळ गटावर व नाव केवळ खात्यावर. म्हणून दुसऱ्या रूपात गट, खाते व हिस्सा यांची कोष्टके वेगळी होतात. तसे न केल्यास गटाच्या अखेरच्या खातेदाराची ओळ काढताच त्या गटाचे क्षेत्रही नाहीसे होते.

तिसऱ्या रूपाचे महत्त्व परभणीच्याच इतिहासावरून समजते. गावावरून तालुका कळतो व तालुक्यावरून जिल्हा. म्हणजे जिल्हा गावावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असतो. १ मे १९८१ रोजी परतूर तालुका परभणीतून नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, वसमत हा भाग वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. प्रत्येक गटाच्या ओळीत जिल्ह्याचे नाव लिहिले असल्यास अशा वेळी असंख्य नोंदी बदलाव्या लागतील. तालुका व जिल्हा यांचे वेगळे कोष्टक असल्यास मोजक्याच ओळी बदलणे पुरते.

वेग वा सोय यांसाठी काही माहितीची पुनरावृत्ती जाणूनबुजूनही ठेवतात. नमुना ८-अ मधील क्षेत्र नमुना ७ वरूनच येते. दोन्ही स्वतंत्रपणे लिहिले गेल्यास बेरीज जुळत नाही. संहितेच्या १५७ व्या कलमान्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे चुकीच्या प्रतीचा भार शेतकऱ्यावर पडतो व लेखनदोष दुरुस्त करण्यासाठी १५५ व्या कलमान्वये अर्ज करावा लागतो. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवूनही मूळ विसंगती आपोआप नाहीशी होत नाही. प्रसामान्यीकरण एखादी नोंद खरी आहे की नाही, हे सांगू शकत नाही; मात्र ती कोठे दुरुस्त करावयाची, ती एकमेव जागा ते निश्चित करते.