डेसिडुस्टॅट

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातून उद्भवणाऱ्या रक्तक्षयावरचे, पोटात घ्यायचे औषध. अहमदाबादच्या झायडस लाइफसायन्सेस (पूर्वीची कॅडिला हेल्थकेअर) या कंपनीने ते विकसित केले. भारताच्या औषध महानियंत्रकांनी मार्च २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. ‘ऑक्सिमिया’ या नावाने ते विकले जाते.

ऑक्सिजन कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवते आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मिती वाढते. या हालचालीचा सूत्रधार म्हणजे एचआयएफ हे प्रथिन. ते पेशीत सतत तयार होते. पण ऑक्सिजन पुरेसा असेल तोवर प्रोलिल हायड्रॉक्सिलेज एंझाइमे त्याच्यावर रासायनिक खूण करतात आणि खूण झालेले एचआयएफ लगेच नष्ट केले जाते. या एंझाइमांना लोह, ऑक्सिजन आणि २-ऑक्सोग्लुटारेट लागते. डेसिडुस्टॅटच्या गटातील औषधे २-ऑक्सोग्लुटारेटची जागा अडवतात. मग ऑक्सिजन असूनही एचआयएफ टिकते आणि शरीर हिमालयातल्या विरळ हवेत गेल्यासारखे वागू लागते. लोह साठ्यात अडवून ठेवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक घटून साठ्यातले लोहही मोकळे होते. आजारी मूत्रपिंडाची संप्रेरक बनवण्याची ताकद पुरती संपलेली नसते, हे या औषधांनी दाखवले. त्याला इशारा मिळत नसतो, इतकेच. १९५० च्या दशकात रक्तक्षयावर कोबाल्टचे क्षार दिले जात. तेही याच यंत्रणेला फसवत होते, पण विषारी ठरल्याने मागे पडले. मूळ यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

डायलिसिस न घेणाऱ्या ५८८ आणि घेणाऱ्या ३९२ रुग्णांवरील दोन चाचण्यांत हे औषध एरिथ्रोपोएटिनसारख्या प्रचलित इंजेक्शनांच्या तुलनेत कमी ठरले नाही. भारतात दोन्ही प्रकारच्या रुग्णांना ते देता येते. अमेरिकेने मात्र २०२१ मध्ये याच गटातले रोक्साडुस्टॅट नाकारले. पुढे डॅप्रोडुस्टॅट (२०२३) आणि वॅडाडुस्टॅट (२०२४) यांना डायलिसिसवरील रुग्णांपुरतीच परवानगी दिली. रक्ताच्या गुठळ्यांचे भय हे त्यामागचे मोठे कारण. तरी गोळीचा खरा उपयोग डायलिसिसआधीच्या टप्प्यात आहे. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला इंजेक्शन तिथेच टोचता येते. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा औंढा नागनाथकडच्या गावात राहणाऱ्या, अजून डायलिसिस न लागलेल्या रुग्णाला मात्र २ ते ८ अंशांत जपावे लागणारे इंजेक्शन आणि ते घेण्यासाठीची खेप, दोन्ही जड जातात.

हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १० ते १२ ग्रॅमच्या पट्ट्यात ठेवणे हे उद्दिष्ट असते. त्यापुढे नेण्यात धोका आहे. एचआयएफ नव्या रक्तवाहिन्यांनाही चालना देत असल्याने कर्करोग आणि मधुमेही दृष्टिपटलविकार असलेल्यांबाबत सावधगिरी बाळगतात. खेळाडूंना या गटातील औषधे वर्ज्य आहेत. गर्भवती आणि किशोरवयीन मुलींमध्ये सर्रास आढळणाऱ्या लोहन्यूनतेच्या ॲनिमियावर हे औषध नाही. तिथे लोहच द्यावे लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णातही आधी लोहाचा साठा तपासतात.