केशरी कार्डाची कुळकथा

सरकारी योजनेतून बायपास करायची तर रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, आधी रेशनकार्ड मागतो. गहू-तांदळाचा हा कागद ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचला कसा?

त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातलं. १९४३ साली टंचाईच्या मुंबईत रेशनिंग सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं कार्डाचं मुख्य काम शिधा हेच राहिलं. १ मे १९९९ पासून राज्याने त्याला तीन रंग दिले. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळं, लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं.

उपचाराची वाट तेव्हा वेगळी होती. १९९७च्या जीवनदायी योजनेत हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांना मदत मिळे. पण ती दारिद्र्यरेषेखालच्यांना, आणि एकेका अर्जावर मंजुरी घेऊन. केशरीवाला त्यात बसत नव्हता. गरिबांच्या यादीत नाव नाही आणि गाठीला पैसा नाही, अशा घरात एक ऑपरेशन म्हणजे जमीन गहाण.

२००७ मध्ये आंध्र प्रदेशात आरोग्यश्री आली. बिनपैशांचा उपचार आणि रुग्णालयातच मदतनीस, ही रीत तिथली. (गरिबांचं कार्ड मात्र तिकडे पांढरं!) तोच धागा धरून महाराष्ट्राने २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, ९७२ उपचार, हप्ता सरकार भरणार. पिवळ्यासोबत केशरीलाही आत घेतलं. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा निर्णय हाच.

पुढे अन्नसुरक्षा कायदा आला. शहरात ५९ हजार, गावात ४४ हजार अशी उत्पन्नाची मर्यादा ठरली आणि कित्येक केशरी घरांचं धान्य थांबलं. तरी कार्ड ट्रंकेत जपून ठेवलं गेलं, दवाखान्यासाठी.

२०१७ मध्ये या आरोग्य योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०२३च्या निर्णयाने पांढरं कार्डही आत आलं, संरक्षण पाच लाखांवर गेलं. पण बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या या योजनेत बसत नाहीत, पुष्कळांच्या त्या खिशातूनच येतात; त्याच चुकल्या की माणूस ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचू शकतो. पालावर राहणाऱ्या कुटुंबाला तर रंगाआधी कार्डच मिळवावं लागतं, आणि त्यासाठी तहसीलमध्ये पहिला प्रश्न येतो: पत्ता काय?