बावन्न पैसे

परवा गावाहून काकांचा फोन आला. वावरात पाणी साचलंय, पंचनामे चालू आहेत, असं सांगून म्हणाले, "या वेळी बावन्न नको म्हणजे झालं." आमच्या घरातल्यांना यातली गोम माहीत आहे. बाकीच्या मंडळींसाठी सांगते.

रुपयाचे सोळा आणे तसे चांगल्या पिकाचेही सोळा आणे, असा जुना हिशेब. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षाचा सारा तहकूब होई. १९१८ साली खेडा जिल्ह्यात भांडण पेटलं ते या चार आण्यांवरून. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, जास्त आहे. गांधीजींनी निष्पक्ष चौकशी मागितली, ती मिळाली नाही, आणि मार्चमध्ये नडियादला सत्याग्रह सुरू झाला. साऱ्याचा दर काय, हा वाद नव्हताच. उभं पीक कुणाच्या डोळ्यांनी मोजायचं, हा होता.

१९५७ साली आणे गेले, पैसे आले. आणेवारीची पैसेवारी झाली, तरी गावात शब्द आणेवारीच राहिला. रेषा पन्नास पैशांवर आली. त्याखालच्या गावाला महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. वरच्या गावाला काही नाही.

२००३ चा दुष्काळ. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि गावकरी मिळून पीक कापून वजन करायचं होतं. चांगल्या जमिनीतला चौकोन पडला तो आजोबांच्या ओढ्याकाठच्या बाजरीत. आदल्या रात्री दोघंतिघं घरी आले. "तात्या, पहाटे कापून टाका. मोकळं रान दिसलं की दुसरं बघतील." तात्या म्हणाले, "पिकलंय ते पिकलंय. लपवायचं कशाला?"

गावाची पैसेवारी लागली बावन्न.

माळावरच्या लोकांच्या वावरात तर कडबाही धड नव्हता. पण ते आणि आम्ही एकाच आकड्यात. त्यानंतर कितीतरी दिवस पारावर तात्या येऊन बसले की बोलणं थांबायचं. तात्यांनी कधी सफाई दिली नाही. फक्त त्या वर्षीचा आमचा कडबा माळावरच्या दोन घरी पोचला, एवढं आजी सांगायची.

लहानपणी मला तात्यांचा अभिमान वाटायचा. आता वाटतो, पण पूर्वीइतका सरळ नाही. त्यांच्या वावराबद्दल ते खरंच बोलले होते. गावाबद्दल मात्र तो आकडा खोटा ठरला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पुढे बरंच बदललं. २०१५ मध्ये मदतीसाठी नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ वर आली. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवाई हे बघू लागले. २०१८ मध्ये त्याच पद्धतीने राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२२ मध्ये केंद्राच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये ठरले. रेषा मात्र आहेच, आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे शेजारी शेजारीच राहतात.

काकांना विचारलं, "या वेळी तुमच्याकडे पाणी कमी असतं तर?"

"पंचनाम्यात कमीच सांगितलं असतं," काका म्हणाले. मग जरा थांबून, "तात्यांचाच मुलगा ना मी."

तुमच्या गावचा आकडा काय होता हो?