पाळणाघराची दोन कुळं

मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत एक काकू पाळणाघर चालवायच्या. माझी मुलगी त्यांच्याकडे अडीच वर्षं होती. दाराशी पिशव्यांची रांग असायची. प्रत्येक पिशवीत डबा, कपड्यांचा एक जोड, दोन दुपटी, आणि डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून निळ्या पेनाने लिहिलेलं नाव. संध्याकाळी घाटकोपरला गाड्या खोळंबल्या की मी फोन करायचे, "काकू, उशीर होतोय हो." पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "सावकाश ये गं, मी खिचडी टाकलीय." त्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली, असं मी आजही मानते.

'पाळणाघर' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो कुठून आला हे विचारायचं सुचतच नाही. पाळणं हे क्रियापद मराठीत फार कामाचं. आपण शब्द पाळतो, पथ्य पाळतो, गुरं पाळतो. घरात पाळणा हलतो, दुसऱ्या खेपेला पाळणा लांबवतात, आणि बारशाला बायका पाळणा म्हणतात. वस्तूलाही तेच नाव आणि गाण्यालाही तेच. फ्रेंच भाषेत अशा जागेला क्रेश म्हणतात. त्याचा मूळ अर्थ गव्हाण, बाळ येशूला निजवलं ती. पॅरिसमध्ये 1844 साली फिर्मीन मार्बो या गृहस्थाने कष्टकरी आयांच्या तान्ह्या मुलांसाठी पहिलं क्रेश उघडलं आणि तो शब्द जगभर गेला. मराठीने गव्हाण घेतली नाही. पाळणा घेतला आणि त्याला घर जोडलं. शब्दाने पहिल्याच दिवशी केवढं वचन दिलं पाहा: इथे मूल नुसतं ठेवलं जाणार नाही, पाळलं जाईल.

ते वचन मुंबईत ज्या जागी पहिल्यांदा गरजेचं ठरलं, ती जागा म्हणजे गिरणी. बाई खात्यात बारा-बारा तास उभी, आणि मूल एक तर चाळीतल्या म्हातारीकडे, नाही तर तिथेच यंत्रांच्या खडखडाटात जमिनीवर. मूल रडू नये म्हणून त्याला बाळगोळी द्यायची. बाळगोळीत अफू असे. 1922च्या सुमारास मुंबई सरकारने गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या बाईंना नेमलं. या बायकांच्या 98 टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी अहवालात नोंदवलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मूल निजलं नाही तर रोज बुडणार, आणि रोज बुडाला तर मूल उपाशी.

गिरणीतलं पाळणाघर आलं ते या गोळीला पर्याय म्हणून. पुढे 1948च्या कारखाना कायद्याने 50 हून जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली बंधनकारक केली. 1976 साली ही मर्यादा 30 वर आली. खोली हवेशीर हवी, स्वच्छ हवी, बाळांची काळजी घेणारी शिकलेली बाई हवी, आईला अंगावर पाजायला सुट्टी हवी. सगळं योग्यच. पण त्या खोलीत मूल दिवसभर करणार काय, हा प्रश्न पाळणाघराच्या या पहिल्या कुळात कोणी विचारलेला दिसत नाही. मूल जिवंत राहावं, एवढीच धडपड होती.

दुसरं कुळ वेगळ्या दिशेने चालत आलं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक 1923 साली भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. माँटेसोरीबाईंची पद्धत तिथे रुजत होती. 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथली मुलं सुखवस्तू घरांतली होती. साधनं सुबक, महागडी. ताराबाईंना ते डाचत राहिलं असावं, कारण 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या शहर सोडून डहाणू तालुक्यात समुद्राकाठी बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या.

बोर्डीत त्यांनी बालवाडी उघडली. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. दलित आणि गरीब वस्त्यांतली आली नाहीत. मग या दोघींनी बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगण झाडायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, आणि मग खडे, शिंपले, बिया, पानं मांडून खेळ सुरू. माँटेसोरीबाईंच्या लाकडी ठोकळ्यांचं काम चिंचोक्यांनी केलं. अंगणातली बालवाडी म्हणून अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. देशभर पसरलेल्या या शब्दाचं मूळ मराठी मुलखातल्या शेणाने सारवलेल्या अंगणात आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

पण मला थांबायचं आहे ते बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. हे काम पुढे तिथे आदिवासी पाड्यांत गेलं. तिथे शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येईनात, कारण प्रत्येकीच्या कडेवर एक भावंड. आई रानात किंवा मजुरीला. मुलीला शाळेत आणायचं तर कडेवरचं मूल कुठेतरी ठेवायला हवं. म्हणून ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात, आणि मधल्या वेळेत ताई धाकट्याला बघून जाणार. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती याच विचारातून. सांभाळणं आणि शिकवणं ही दोन कामं नाहीत, हे दोघींनी पोथी वाचून नव्हे, त्या कडेवरच्या मुलाकडे बघून ओळखलं.

आपल्या उपनगरांनी मात्र ही दोन कुळं पुन्हा वेगळी केली. अंधेरीच्या एमआयडीसीत आणि सीप्झच्या निर्यात वसाहतीत बायका कामाला लागल्या, बोरिवलीहून फोर्टपर्यंत जाणाऱ्या वाढल्या, आणि घरोघरी काकूंची, मावशींची पाळणाघरं निघाली. तिथे माया होती, खिचडी होती. 'शिकवण्यासाठी' मात्र त्याच मुलाला दोन तास नर्सरीत धाडायचं, गणवेश घालून, अक्षरं गिरवायला. बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांना तर दोन्हीपैकी काहीच नव्हतं. मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत मोबाइल क्रेश सुरू केलं, तीच चळवळ पुढे मुंबईतल्या बांधकामांवर आली. वाळूच्या ढिगाशेजारी मूल सांभाळलंही जातं आणि त्याला गोष्टही ऐकवली जाते, हे तिथे दिसलं. कोसबाडचंच रक्त ते.

मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही मिळाली. 2022 पासून सरकारच्या पाळणाघर योजनेचं नावच 'पालना' झालं आणि अंगणवाडीतच पाळणाघर जोडायची तरतूद आली. विकासवाडी कागदावर पोहोचायला इतकी दशकं गेली.

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि सगळ्या आया हादरल्या. तेव्हापासून पाळणाघर म्हटलं की पालक आधी कॅमेरा आहे का ते विचारतात. विचारावं. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. आमच्या काकूंकडे कॅमेरा नव्हता. त्या डाळ निवडायला बसल्या की मुलांपुढे एकेक मूठ टाकायच्या. तूर वेगळी, मूग वेगळे, खडा ताटलीबाहेर. माझी मुलगी रंग आणि मोजणी त्या ताटलीत शिकली. काकूंनी ताराबाईंचं नावही कधी ऐकलं नसेल.

म्हणून तुम्ही मुलासाठी पाळणाघर बघायला निघाला असाल तर सकाळी दहाला जाऊ नका. तेव्हा भिंतीवरची चित्रंच दिसतात. दुपारी अडीचला, न कळवता जा. सगळी मुलं सतरंज्यांवर निजलेली असतील आणि एखादं जागं असेल. त्या जाग्या मुलाजवळ कोण बसलंय, आणि त्याच्याशी काय बोलतंय, ते दारातून ऐका.