ठिपक्यांचा समुद्र

ताडकळसहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. म्हणून फोटो समोर ठेवूनच ठिपक्यांनी समुद्र रंगवायला बसलो. निळ्याशेजारी पिवळे ठिपके दिले. म्हटलं, लांबून हिरवं पाणी दिसेल. दिसला चक्क राखाडी चिखल!

मग इतिहास उपसला. फ्रान्समधल्या गोबेलँ विणकाम कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने तपासलं तर रंग चोख होता, शेजारचे धागे त्याला मारत होते. हे त्याने १८३९ साली पुस्तकात मांडलं. जॉर्ज सुराने ते वाचलं आणि १८८५ ला ग्राँकां, १८८६ ला ओंफ्लरच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्र रंगवला.

माझी चूक इथेच होती. रंग कालवले की हिरवा होतो, पण ठिपके डोळ्यात कालवत नाहीत, त्यांची सरासरी निघते. (पिक्सेलवर पोट भरणाऱ्याला हे कळू नये!) हिरवं हवं तर हिरवेच ठिपके द्यायचे, आणि निळा उठावा म्हणून शेजारी नारिंगी.

आपले इंदूरचे ना. श्री. बेंद्रेसुद्धा निसर्गचित्रांत मुरल्यावर, बडोद्यात वर्षानुवर्षं शिकवून झाल्यावर, उतारवयात ठिपक्यांकडे वळले. आम्ही पहिल्याच रविवारी!

सध्या वाळूची कड चालू आहे. नारिंगी ट्यूब संपत आलीय.