गाडी सुरू का होत नाही?

मंडळी, परवाचीच गोष्ट. नातू क्लासला निघाला आणि मोटरसायकल सुरू होईना. बटण दाबले तर आवाजसुद्धा नाही. त्याने लगेच सर्व्हिसवाल्याला फोन लावला. मी खाली गेलो, उजव्या हँडलवरचे लाल बटण बंद होते ते सरकवले, आणि गाडी सुरू! रात्री कुणा पोराने खेळताना दाबले असणार. "आजोबा, तुम्ही कुठे शिकलात हे?" त्याने विचारले. "शाळेत," मी म्हणालो. त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, पण ते पुढे सांगतो.

मोटरसायकल सुरू न होणे हे मोटरसायकलइतकेच जुने आहे. १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची पेट्रोलवर चालणारी दुचाकी केली. तिच्यात ठिणगी नव्हतीच. इंजिनाला जोडलेली एक नळी बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवायची, तेव्हा आतले पेट्रोल पेट घेई. नळी बसायच्या जागेखालीच, त्यामुळे पहिल्याच मोठ्या फेरीत खोगीर पेटले असे सांगतात! पुढे १९०२ मध्ये बॉश यांच्या कारखान्यातल्या होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी जमवली. तेव्हापासून प्रश्न सोपा झाला. पेट्रोल येते का? ठिणगी पडते का? हवा दाबली जाते का? या तिन्हींचे उत्तर 'हो' असेल आणि ठिणगी वेळेवर पडत असेल, तर गाडी सुरू व्हायलाच हवी.

आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला बुलेट जुळू लागली, साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि राजदूत आल्या. त्या काळी गाडी चालवायला येणे म्हणजे ती सुरू करता येणे. बुलेटवाले अँपिअरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेशनची दांडी ओढून, मगच किक मारत. चुकले तर किक उलटी येऊन पायाचा घोटा सुजे. दोन स्ट्रोकवाल्यांच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच.

माझीही एक सेकंडहँड दोन स्ट्रोकची गाडी होती. मार्च १९८६, दहावीची परीक्षा चालू. एसटी चुकलेला आमचा एक विद्यार्थी फाट्यावर रडवेला उभा दिसला. त्याला मागे बसवले. केंद्र तालुक्याला, पेपर अकराचा. अर्ध्या घाटात गाडी बंद पडली. मी वीस-पंचवीस किका मारल्या. घामाघूम झालो.

हा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसे. १८५७ च्या उठावाची कारणे त्याला कधी पाठ म्हणता आली नाहीत. राजकीय, आर्थिक, धार्मिक, लष्करी... दुसऱ्यावरच अडे. "कारण आणि परिणाम तुझ्या डोक्यात शिरायचे नाहीत," असे मी त्याला भर वर्गात म्हणालो होतो.

"सर, प्लग खोलू का?" त्याने विचारले. सुट्टीत तो एका गॅरेजवर जाई. त्याने प्लग काढला, टोपणात बसवून इंजिनाला टेकवला आणि मला किक मारायला सांगितली. "ठिणगी निळी आहे सर. म्हणजे करंट ठीक. प्लग कोरडा आहे. म्हणजे पेट्रोल येत नाही. टाकीत तर आहे." एवढे बोलून त्याने टाकीचे झाकण उघडले. फुस्स आवाज झाला. झाकणातले बारीक छिद्र चिखलाने बुजले होते. वरून हवा शिरेना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. त्याने बाभळीच्या काट्याने छिद्र मोकळे केले. दुसऱ्या किकला गाडी सुरू!

मी वर्गात कारणांची यादी शिकवत होतो. कारण शोधायचे कसे, ते त्या मुलाने पाच मिनिटांत दाखवले. एकेक शक्यता घ्यायची, तपासायची, बाजूला ठेवायची. पुढे निवृत्त होईपर्यंत मी १८५७ तसेच शिकवले. प्रत्येक कारणाशी थांबून मुलांना विचारायचो, "हे नसते तर काय झाले असते?"

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळजवळ गेलाच. आता बिघाड यंत्र लावून वाचतात. चांगलेच आहे. घाटात घाम गाळण्यात काही मोठेपणा नाही. पण आधी काय तपासायचे हा विचार मात्र यंत्रावर सोडू नये, एवढेच नातवाला सांगितले.

त्या दिवशी आम्ही अकराला दहा कमी असताना पोहोचलो. मी फक्त "पळ, वेळ झाली" म्हणालो. तो काठावर पास झाला, मग त्यांचे घर गाव सोडून गेले. ते वर्गातले वाक्य मागे घ्यायचे राहूनच गेले. आज इथे घेतो.