क्रिस्टियानस्टाडला गेलेलं इंजिन

17 सप्टेंबर 1961. स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडला 125 सीसीची शर्यत चालू आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्याचा एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या अगदी जवळ आहे. आणि सुरुवातीच्या फेऱ्यांतच त्याचं इंजिन जातं.

तो संघाबरोबर परत गेलाच नाही. डेन्मार्कमार्गे थेट पश्चिम जर्मनीत पोहोचला. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता, आणि त्याच सुमारास त्याच्या बायकामुलांनाही गाडीत लपवून सीमेपलीकडे नेण्यात आलं. मग पूर्व जर्मनीच्या बाजूने आरोप झाला, की डेग्नरने इंजिन मुद्दाम फोडलं.

राजकारण जरा बाजूला ठेवू. मला यातला प्रश्न शुद्ध धातूंचा वाटतो: इंजिन उघडून बघितलं, तर हे कळेल का?

बरंच काही कळतं, हे आधी सांगते. टू-स्ट्रोकमध्ये वेगळी ऑइलची टाकी-पंप भानगड नसते (निदान त्या काळच्या या इंजिनांत नव्हती). पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच वंगण. ज्यांच्या घरी जुनी टू-स्ट्रोक बजाज स्कूटर होती त्यांना पंपावरचं ते टू-टी ऑइल आठवत असेल. वंगण कमी पडलं की पिस्टन सिलिंडरला घासतो, आणि कुठे घासला यावरून कारण ओळखता येतं. पिस्टनच्या चार कोपऱ्यांवर उभे ओरखडे असतील, तर इंजिन थंड असतानाच पिळलं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर ती बाजू जास्त तापली. सगळीकडून कोरडं खरवडलेलं असेल, तर ऑइलच पोचलं नाही. पिस्टनच्या माथ्याची कड वाळूने मारल्यासारखी खडबडीत दिसली, तर मिश्रण जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटत होतं. कनेक्टिंग रॉडचं टोक निळं पडलं असेल, तर तिथलं पोलाद 300 अंशांच्या आसपास गेलं होतं. फिकट पिवळं असेल तर 230 च्या आसपास. म्हणजे पोलाद स्वतःच तापमानाची नोंद ठेवतं!

एमझेडच्या पिस्टनचा व्यास 54 मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा असा पिस्टन 200 अंशांनी तापला की व्यासात जवळपास पाव मिलिमीटर फुगतो. तितकंच तापलेलं बीड त्याच्या निम्मं फुगतं, आणि सिलिंडरला तर बाहेरून वारा लागत असतो. जागा उरते ती शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची.

दुरुस्तीतही खरं काम शोधण्याचं. सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळतं, बिडाला काही होत नाही. मग होनिंग, नवा पिस्टन, क्रँक प्रेसवर सोडवून नवे रोलर. पण क्रँककेसमध्ये हवेचा दाब देऊन सील गळतंय का हे तपासलं नाही, तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेने जातो. गॅरेजमधून गाडी घेऊन आलात आणि आठवड्यात परत सीझ झाली, असं झालं असेल तर बहुतेक वेळा हेच.

आता डेग्नरच्या इंजिनाकडे. ते वॉल्टर काडेनचं होतं. युद्धकाळात पेनेमुंडेला काम केलेला हा इंजिनियर एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटा ऑसिलोस्कोपवर बघत असे. फुगीर आणि मग निमुळत्या होत जाणाऱ्या पाइपातून लाट परत येते आणि बाहेर निसटू बघणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. 1961 मध्ये 125 सीसीतून 25 अश्वशक्ती, 10,800 आरपीएमला. लिटरमागे 200! पण ती लाट वेळेवर पोचते ती एका अरुंद पट्ट्यातच. त्याखाली आलात की इंजिन मेल्यासारखं वागतं. म्हणजे जिंकायचं तर स्वाराने शर्यतभर काटा वरच्या टोकाशीच ठेवायचा. तिथे पिस्टन सेकंदाला 180 वेळा वरखाली होतो आणि वरच्या टोकाला गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींहून जास्त त्वरण सोसतो. हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं. आरपीएम दहा टक्के वाढले तर बल एकवीस टक्के. एक गिअर चुकला तरी पुरे. उलट, वेगात असताना थ्रॉटल एकदम बंद केला तर पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होतं आणि चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. म्हणून टू-स्ट्रोकचे स्वार क्लचवर बोटं ठेवून असत.

म्हणजे पिस्टन काय झालं ते सांगेल. पण गिअर घाईत चुकला की ठरवून चुकवला, याचा ओरखडा वेगळा पडत नाही.

माझं मत विचाराल तर मला तो आरोप पटत नाही. पळून जायचंच होतं, तर जगज्जेता म्हणून पळणं जास्त फायद्याचं होतं.

त्या वर्षीचं विजेतेपद होंडावरच्या टॉम फिलिसला मिळालं, डेग्नर दुसरा. पुढच्या वर्षी, 1962 मध्ये, सुझुकीकडून तो 50 सीसीचा जगज्जेता झाला, आणि टू-स्ट्रोकचं ते पहिलं जागतिक विजेतेपद. काडेन पूर्व जर्मनीतच राहिला. एमझेडला स्वारांचं जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही.